कार्बोलिकची वडी

रहाटणीच्या अर्जुनरावांच्या अंगणात मुलाच्या जावळाचा पाट मांडला गेला होता, आणि ज्योतीराम न्हावी तिसऱ्यांदा हात धूत होता.

कार्बोलिक या जंतुनाशक साबणाची लाल वडी त्याने मुद्दाम सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी पायरीच्या दगडावर ठेविली होती. कोपरापर्यंत फेस करून तो हात चोळी, तांब्यातील पाणी ओती, आणि धोतराच्या सोग्याने हात टिपताना दात आवळून घेई. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. तळहाताचे कातडे आटलेल्या तळ्याच्या गाळाप्रमाणे फाटले होते. एका चिरेतून रक्ताचा थेंब वर आला. तो त्याने मुठीत झाकला.

चिंचवडच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी त्याला दोन वेळा बजाविले होते की, हा सांसर्गिक रोग नव्हे, ही साबणाने व पाण्याने झालेली इजा आहे. साबण सोड आणि हाताला काही स्निग्ध लाव. परंतु गिऱ्हाइकांस हे कोणी समजवावे? लोक हात पाहून मागे सरत, म्हणून ज्योतीराम धूत असे. आणि तो धूत असे, म्हणून हात अधिकच फाटत. गावात हक्काचे म्हणावे असे हे एकच घर आता उरले होते. येथूनही परत फिरावे लागले, तर हत्यारांची धोकटी कायमची खुंटीला टांगावी लागणार, हे तो पुरते जाणून होता.

मुलाचा मामा चिमाजी भाच्याला मांडीवर घेऊन पाटावर बसला होता. तो पिंपरीच्या एका कारखान्यात नव्यानेच लागला होता.

"इंदे, ते हात बघ तरी," तो आवाज न लपविता बहिणीला म्हणाला. "पिंपरीला टेशनापाशी सलून निघालंय. फिरती खुर्ची, मोठाले आरसे. सायकलीवर पोराला घिऊन चल, माझ्या शिफ्टच्या आत माघारी येऊ."

इंदू सासूकडे पाहू लागली. सुभद्राबाईंची नजर ज्योतीरामाच्या हातांवर होती.

"पावणं, तीनदा धुतले बघा तुमच्यासमोर," ज्योतीराम म्हणाला. "म्हणाल तर आणीक एकदा धुतो."

"धुऊन जायला तो काय चिखल हाय व्हय?"

ज्योतीरामाने मान खाली घातली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच अंगणात, याच पाटावर, त्याने अर्जुनरावांचे जावळ उतरविले होते. तेव्हा या सुभद्राबाई अठरा वर्षांच्या, नव्या आईच्या संकोचाने खांबाला टेकून बसलेल्या. वस्तरा फिरता फिरता मूल झोपी गेले होते, आणि त्यांच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "ह्याचं हात न्हाईत, लोणी हाय." ते वाक्य ज्योतीरामाने जन्मभर दागिन्याप्रमाणे जपले होते.

इतक्यात चिमाजीने बाळाचे टोपडे काढले आणि तो थबकला. टाळूवर पिवळसर खपल्यांची जाड साय धरली होती. त्याने नखाने एक खपली उचकटली. बाळ किंचाळले.

"अवो, नख लावू नगा!" ज्योतीराम भान विसरून पुढे झाला. "तान्ह्या लेकरांना येती ही. रोग न्हाई, काई न्हाई. जितकं खरवडाल तितकं लाल हुईल. कोमट खोबरेल लावायचं, घटकाभर मुरू द्यायचं, मऊ फडक्यानं टिपायचं. आपसूक सुटती."

"साबणानं घसाघसा धुतलं तर निघंल की."

"छ्या! कातडं सोलून निघंल. त्याला घासणं नगं, तेल पायजे."

सुभद्राबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या हाती कोमट खोबरेलाची वाटी घेऊन.

"ज्योतीराम, हात पुढं कर."

त्याने ओंजळीत तेल घेतले आणि तो बाळाकडे वळू लागला.

"थांब. आधी सोताच्या हाताला चोळ."

"थोरल्या बाई, तेल लेकराच्या..."

"लेकराच्या कातड्याला काय लागतंय ते तुला कळतं. तुझं कातडं म्हशीचं हाय व्हय?"

बायका खुदकन हसल्या. तेल चिरांत उतरले. प्रथम झोंबले, मग निवले. ज्योतीरामाला मान वर करवेना.

"पण मावशी..." चिमाजीने तोंड उघडले.

"मामा, आज तुमीच खुर्ची. फिरू नगा म्हंजी झालं." असे म्हणून सुभद्राबाईंनी तांब्या आपल्याकडे ओढून घेतला. "पाणी मी लावते. ह्यो पाण्यात हात घालणार न्हाई."

उरलेले तेल ज्योतीरामाने बाळाच्या टाळूवर मुरविले; घटकेने खपल्या सुटल्या. मग घरच्या थोरल्या बाईने स्वहस्ते नातवाचे केस भिजविले, आणि ज्योतीरामाने वस्तरा उघडला. नख लागलेल्या लाल जागेला त्याने हलकेच वळसा घातला. बाळ आधी कुरकुरले, मग टकमक पाहू लागले, मग त्याच्या पापण्या जड झाल्या. तेलकट तळव्यावर डोके टेकून ते झोपी गेले.

सुभद्राबाई त्या तळव्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

तेवढ्यात एक कावळा पायरीवर उतरला. त्याने कार्बोलिकची वडी चोचीने उलथून पाहिली आणि उचलली. ज्योतीरामाच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्यावर बाळाचे डोके. तो नुसताच पाहत राहिला.

"नेऊ दे त्याला," सुभद्राबाई म्हणाल्या. "धुवायची गरज त्यालाच हाय."