पोटावरच्या रेघा
हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी साखरा गावच्या द्वारकेला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. वय अवघं सव्वीस. औरंगाबादच्या दवाखान्यात विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, निम्मा झाला आणि तापाने फणफणलेल्या लेकीला बघायला ती दोन दिवस सासरी आली. शेक नेमका कुठे द्यायचा ते कळावं म्हणून डॉक्टरांनी तिच्या पोटावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या होत्या आणि त्यांना पाणी लागू देऊ नको, असं बजावलं होतं. न्हाणीत साडी फेडून, पोट कोरडं ठेवत ती अंग धूत होती, तेव्हा त्या रेघा सासूला, भागाबाईला दिसल्या. "परक्या बाप्यानं पोट रंगवलं आन् तू रंगवू देलंस?" म्हणत तिने अंग घासायचा दगड उचलला आणि थेट सुनेच्या पोटाला लावला. द्वारकेने तिचं मनगट असं आवळलं, की म्हातारीच्या बांगड्या पिचल्या. "ह्या रेघा गेल्या तं मी मरीन, आत्याबाई." "मर की! माह्या पोराला दुसरी भेटंल." नवरा भुजंग अंगणात मेंढ्यांना पाला टाकत होता. त्याला सगळं ऐकू गेलं, पण त्याने मान वर केली नाही. द्वारकेने ओल्या अंगाला साडी गुंडाळली, लेक कडेवर घेतली आणि पुसेगावला माहेर गाठलं. लेकीला आईजवळ ठेवून तिने उरलेला शेक पुरा केला. कापूस फुटला तेव्हा भुजंग न्यायला आला. "आता तं बरी दिसून राहिलीस. चल, वेचणीला माणूस न्हाई." द्वारकेने कवाडाला हात घातला. "बरी झाले, म्हणूनच येत न्हाई," ती म्हणाली आणि आतून कडी लावली.