लाल खूण

सोमवार उजाडला, तशी नानांच्या प्रोग्रामवर पुन्हा लाल खूण उमटली.

प्रतिभाने दार लोटून घेतले. अंबडच्या त्या छोट्या कंपनीत द्राक्षांच्या शीतगृहांचे तापमान सांभाळणारी प्रणाली घडत असे. प्रत्येक प्रोग्राममधले ‘जर-तर’चे फाटे संगणकाकडून मोजून घ्यायचे आणि दोष कुठे उपजेल याचा अंदाज बांधायचा, हे तिचे काम. फाटे वाढले की खूण लाल.

मार्चअखेर एक माणूस कमी व्हायचा होता. “तुमचं मोजमाप नाव सांगेलच,” मालक अमित चहाच्या वेळी तिला म्हणाला होता. “नाहीतर मोजमापाचं टेबल पोसायचं कशाला?” सारे हसले. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन इथे आलेले नाना तेवढे बशीतला चहा फुंकत राहिले.

प्रतिभाला या विद्येचा ओनामा नानांनीच शिकवला. त्यांचे लेखन म्हणजे निवडलेले तांदूळ! आणि आता? कधीच खऱ्या न ठरणाऱ्या अटी. शीतगृहाचे तापमान शंभर अंशांवर गेले तर अमुक. त्यातही वार रविवार असला तर तमुक. वय बुद्धीला शिवले, दुसरे काय!

तिने प्रोग्रामची प्रत फ्लॉपीवर घेतली, तीतले फाटे एकेक करून छाटले आणि त्या प्रतीचेच मोजमाप अमितकडे पाठवले. पुढे दर सोमवारी हेच चालले.

“काय गं, सापडलं का काही?” नाना विचारीत.

“छे. सगळं स्वच्छ.”

“नीट बघितलंस ना? माझंसुद्धा?”

“तुमचं तर सगळ्यांत आधी, नाना.”

नानांचा चेहरा उतरे. इतका धीर देऊनही यांची भीती जात नाही, असे तिला वाटे आणि पुढच्या खेपेस ती अधिकच जपून छाटणी करी. फाटे मात्र वाढतच गेले.

मार्च संपता संपता अमितने बोलावले ते प्रतिभालाच. मोजमापाचे टेबल बंद. सामान आवरताना तिला एकच समाधान होते : नाना वाचले.

तेवढ्यात नाना आले आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसले.

“मला निफाडची बाग होती गं पोरी, मी सुखानं गेलो असतो,” ते म्हणाले. “तुझ्या त्या यंत्राला दिसावेत म्हणून दर आठवड्याला इतके फाटे घातले, आणि त्या मेल्याला एकही दिसू नये?”