पंच्याण्णव किलोंच्या आत

काटा जरा थरथरला आणि चौऱ्याण्णववर थांबला. नर्सबाईंनी वाकून पुन्हा एकदा पाहिलं आणि वहीत आकडा लिहिला.

"पास," त्या म्हणाल्या. "जा, चढा तुमच्या क्रेनवर."

क्रेनताई काट्यावरून उतरली ती बूट हातात घेऊनच बाहेर आली. बंदरावर सगळे तिला याच नावाने ओळखत. एकोणीस वर्षं ती एकशे बारा पायऱ्या चढून वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसत होती आणि जहाजावरचे कंटेनर उचलून धक्क्यावर ठेवत होती. तेही इतक्या अलगद, की खाली उभ्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळू नये. सहा महिन्यांपूर्वी नवा नियम आला. चढताना बांधायचा पट्टा अवजारांसकट शंभर किलोच पेलतो. तेव्हा ज्याचं वजन पंच्याण्णवच्या वर, त्याने खालचं काम करावं. मुदत सहा महिन्यांची. तिचं वजन होतं एकशे नऊ.

त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "उद्यापासून मी शिजवलेलं काही खाणार नाही. सगळं कच्चं. डॉक्टरांना विचारून आलेय."

नवरा बंदराच्याच कॅन्टीनमध्ये आचारी होता. रोज तीनशे माणसं त्याच्या हातचं खाऊन बोटं चाटत. बायकोच्या अंगावरच्या किलोंपैकी निम्मे आपल्या हातचे, असं तो चारचौघांत मिरवायचा. आता हा फुगून बसणार, असं तिला वाटलं. त्याने हातातली सुरी पुसून ठेवली. मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तर स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत होता. ताटात काकडीच्या पातळ चकत्या होत्या, गाजराच्या काड्या होत्या, कोबी सुतासारखा बारीक चिरलेला होता. भिजवलेले बदाम सोलून वाटीत ठेवले होते. "एवढा तोबरा चावायचा म्हणजे वेळ लागणार," तो म्हणाला. "बारीक असलेलं बरं."

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. कामावर जायच्या आधी तास-दीड तास तो तिच्यासाठी चिरत बसे. कधी बीट, कधी मुळा, कधी सफरचंद. बंदरावर लोक हसायचे. "आचाऱ्याच्या घरी उपास," कोणी म्हणायचं. तो म्हणायचा, "आमच्याकडे सध्या ससा पाळलाय." तीही हसायची. पहिल्या दोन महिन्यांत सात किलो उतरले. जिना चढताना धाप लागेनाशी झाली, गुडघे कुरकुरायचे थांबले. कच्च्या गाजराला गोडी असते हे तिला पन्नाशीला आल्यावर कळलं.

तिसऱ्या महिन्यात काटा अडून बसला. तीन आठवडे जागचा हलेना. एके दिवशी ती कामावरून आली, डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "बास झालं. मला काहीतरी गरम करून द्या. नसेल क्रेन नशिबात तर नसेल."

त्याने भांडं उचललं, शेगडीवर ठेवलं. पेटवली मात्र नाही. "एक आठवडा थांब," तो म्हणाला. "मग म्हणशील ते करतो." आठवड्याने काटा दोन किलो खाली आला.

हे सगळं आठवत ती बुटांच्या नाड्या बांधत होती, तेवढ्यात धक्क्याचे साहेब समोर आले. "झालात ना पास? बरं झालं. आता त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवायला मी मोकळा."

"कुठली खुर्ची?"

"नोंदणीच्या खोलीतली. तुमच्या मिस्टरांनी सांगून ठेवलं होतं. नियम आला त्या दुपारीच आले होते. हात जोडून म्हणाले, तिला आता खालचंच काम द्या. गेल्या वर्षीच्या वादळात तुम्ही चार तास वर केबिनमध्ये अडकलात ना, तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय म्हणाले."

ती तशीच कॅन्टीनकडे निघाली. तो मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होता. तिचा चेहरा पाहून त्याने आच मंद केली.

"पास झाले," ती म्हणाली.

"वाटलंच होतं मला."

"साहेब भेटले. खुर्चीचं सांगितलं त्यांनी."

त्याने हात पुसले. "हो. गेलो होतो मी."

"म्हणजे मी नापास व्हावं असं वाटत होतं तुम्हाला?"

"वाटत होतं." त्याने खिडकीकडे मान वळवली. "इथून तुझी शिडी दिसते. तू वर पोचेपर्यंत मीठ घातलं की नाही, तेही लक्षात राहत नाही माझ्या."

तिला राग यायला हवा होता. तो काही येईना. एकोणीस वर्षं ती वरून कंटेनर बघत आली होती, जहाजं बघत आली होती. या खिडकीकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

"मग सहा महिने मला चिरून का देत होतात?"

तो जरा ओशाळला. "रोज पहाटे ठरवायचो, आज बटाटे तळायचे. नुसत्या वासाने ढळली असतीस तू."

"मग?"

"मग काय. काकडी चिरायचो."