काउंटरचं माप

"आई, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने तुझ्यापुढे वाकावं, असं तुला वाटतं का गं?"

प्रश्न तिचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून आमच्या बाकावर बसायचं नाही. त्या दोघी आत्ता बाहेरच होत्या, काचेवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या फटीला डोळे लावून. म्हणून पाठीवरचं दप्तरही न उतरवता ती एका दमात, सगळ्यांसमोर विचारून मोकळी झाली.

सगळे म्हणजे आई, बाबा, सुतारकाका आणि काउंटरवर कामाला असलेली ताई. हे दहावं दुकान, उद्या सकाळी उघडायचं. भिंतींना रंग लागला होता, तळणीचं यंत्र बसलं होतं, वर बर्गरचं हे एवढं चित्र टांगलं होतं. राहिला होता फक्त काउंटर. त्याच्या उंचीवरून सकाळपासून आईबाबांचं जुंपलं होतं.

"हे काय खूळ आता?" आई म्हणाली.

"मुली म्हणतात! नऊच्या नऊ दुकानांत काउंटर एवढा बुटका, की फ्राइज उचलायच्या तर लोटांगणच घालावं लागतं. 'तुमच्या मातोश्रींना दंडवत घालून आलो' म्हणतात मला."

सुतारकाका तोंड फिरवून हसले. बाबा नाही हसले. त्यांनी हातातला आराखडा आईपुढे धरला. "बघ. पोरींना कळतं ते तुला कळत नाही. आणि गिऱ्हाइकांचं सोड, आपल्या ताईकडे बघ."

ताई दुसरं दुकान उघडलं तेव्हापासून त्यांचा काउंटर सांभाळायची. कमरेला रुंद पट्टा बांधलेला. तिने सकाळीच सांगून टाकलं होतं, वहिनी, या महिन्यानंतर मला नाही जमायचं, दिवसभर वाकून वाकून कंबर कामातून गेली. तिच्या आधी तिघी याच दुखण्याने सोडून गेल्या होत्या.

"उंची वाढव," बाबा म्हणाले, "ताई राहील."

आईने पिशवीतून लाकडाची पट्टी काढली. कुठल्याशा खोक्याची फळी चिरून केलेली, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेली. प्रत्येक नव्या दुकानात ती सुताराला टेप खिशात ठेवायला लावायची, ही पट्टी जमिनीवर उभी धरायची आणि म्हणायची, एवढा.

"ताईला मदतीला दोन माणसं द्या, पगार वाढवा, काय हवं ते करा. पण माप बदलायचं नाही. या मापाने आपल्याला जगवलंय."

"पण कसं?" हा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता.

आईने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. "तुझ्या वेळेला आठवा लागला होता मला. बाबांचा कारखाना बंद. बस स्टँडच्या भिंतीला लागून एक स्टोव्ह आणि एक कढई, एवढाच आपला धंदा. पाय सुजून हे असे, चपलेत शिरायचे नाहीत. एका दुपारी तळता तळता चक्कर आली. तर यांनी तेलाचा रिकामा डबा पालथा घातला, मला त्यावर बसवलं आणि समोर खोकं ठेवलं."

"खोकं उंच होत होतं," बाबा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "शेजारून करवत मागून आणली. हिच्या हाताला येईल एवढं कापलं."

"उरलेल्या फळीची, त्याच उंचीची ही पट्टी. त्या दिवशी पहिल्यांदा संध्याकाळी एक बटाटा उरला नाही."

तिने दप्तर खाली टाकलं आणि रंगाच्या पालथ्या डब्यावर बसकण मारली. आईच्या हातातली पट्टी घेतली, समोर उभी धरली, आणि तिचं कोपर आपसूक पट्टीच्या टोकावर येऊन टेकलं. ती उठली. पट्टी पार खाली राहिली. परत बसली. कोपर बरोबर जागेवर.

"आई! अगं, हे बसलेल्या माणसाचं माप आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू बसली होतीस! खोक्याचं माप ठेवलंत नीट जपून, मग डबा कुठे गेला?"

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे.

"तू झालीस," आई सावकाश म्हणाली, "आणि दीड महिन्यात मी कामाला उठले. उठले ती उठलेच. मग बसायचं सुचलंच नाही कुणाला."

लेक गेली, कोपऱ्यातला दुसरा डबा स्वतः उचलून आणला, हाताने पुसला आणि पालथा घातला. "बस गं ताई."

ताई बसली, अवघडून, अगदी कडेवर. सुतारकाकांनी न सांगता एक फळी त्या मापाला आडवी धरली. ताईने तिच्यावर दोन्ही हात ठेवले, पाठ सरळ केली आणि डोळे मिटले.

"वहिनी," ती म्हणाली, "लगेच उठवू नका हं मला."

बाबांनी घसा खाकरला. "बसून माल दिला तर लोक आळशी म्हणतील. बघितलंय का कुठल्या दुकानात?"

"माझ्याकडून घेतलाच की लोकांनी," आई म्हणाली.

"ऐका," लेक मधोमध जाऊन उभी राहिली. "मी ठरवलंय. परीक्षा संपली की मी सहलीला जाणार नाही. नऊच्या नऊ दुकानांत स्टुलं घेऊन मी जाणार, आणि काउंटरवरच्या प्रत्येकीला हाताला धरून खाली बसवणार. नाही म्हणायचं नाही, बाबा." मग ती आईकडे वळली. "आणि सुरुवात आत्ता, तुझ्यापासून. बस बघू आधी."