चुगली

"गोधडीत गुंडाळून ने," व्हर्लिन म्हणाला. "एक ओरखडा दिसला तर शेरीफच्या दारात येऊन तमाशा करीन."

"नाही येणार ओरखडा, काका," केंड्रा म्हणाली.

शेरीफच्या पोलीस खात्यातली ही पोरगी त्यानं लहानपणापासून पाहिलेली. त्याच्या बायकोच्या, अर्वेलाच्या, रविवारच्या बायबल वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची. आज अर्वेलाला पुरून माणसं घरी परतली न परतली, तोच केंड्रा बंदुका जप्त करायचं वॉरंट घेऊन दारात उभी. व्हर्लिनच्या अंगावर काळा कोट तसाच होता. चर्चमधल्या बायकांनी आणलेल्या जेवणाच्या भांड्यांवरची झाकणंही अजून निघाली नव्हती.

हरणांची रायफल, छऱ्याच्या दोन बंदुका, वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर. सगळं त्यानं स्वतःच कपाटातून काढून दिलं.

"मी धोकादायक आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोर्टात कळेल. पंधरवड्यात सुनावणी आहे."

"नाव घ्यायला तुझी जीभ झिजते का गं?"

केंड्रानं बंदुका गोधडीत गुंडाळल्या. जाताना तिनं त्याला घट्ट मिठी मारली. ते त्याला मुळीच आवडलं नाही.

इंडियाना राज्यात कायदाच तसा होता. माणूस धोकादायक आहे असं पोलिसांनी न्यायाधीशांना पटवून दिलं की बंदुका उचलता येत. त्या परत द्यायच्या की काही काळ ठेवून घ्यायच्या, ते सुनावणीत ठरे. व्हर्लिनला सुनावणीची धास्ती नव्हती. सारा जन्म चुनखडीच्या खाणीत गेला, पण कुणावर हात उचलला नाही की दारूला शिवला नाही. त्याला फक्त चुगली करणारा हवा होता.

पहिला संशय मुलावर. ट्रेंट इंडियानापोलिसला राहायचा आणि बापानं तिकडे यावं म्हणून वर्षभर मागे लागला होता. व्हर्लिननं फोन लावला.

"माझ्या बंदुका उचलायला तूच लावलंस ना?"

"बंदुका? बाबा, मला हे आत्ता तुमच्याकडूनच कळतंय!"

"खोटं बोलताना तुझा आवाज चढतो."

"खरं बोलतानाही चढतो! चार दिवस इकडे या ना. पोरं विचारतात तुम्हाला."

आवाज चढला होता, पण रडवेलाही झाला होता. व्हर्लिननं ट्रेंटचं नाव मनातून खोडलं.

उरला ड्यूई. शेजारी, खाणीतला जुना सोबती, रोज ओसरीवर पत्ते कुटायला हजर.

"ड्यूई, खरं सांग. तूच ना तो?"

"मी? लेका, तुझ्या बंदुका गेल्या तर हिवाळ्यात हरणाचं मांस मला काय तुझा सासरा आणून देणार?" ड्यूईनं हुकमाचं पान आपटलं. "असलं काम करायला डोकं लागतं. ते मला असतं तर रोज तुझ्याकडून हरलो असतो का?"

व्हर्लिन कितीतरी दिवसांनी हसला. मग म्हणाला, "माझी बोट घेऊन जा. मासे धरायला मला आता जमत नाही."

"नक्की?"

"नक्की. कुणाला तरी कामाला येऊ दे."

सुनावणीपर्यंतचे दिवस कामात गेले. छपराची गळती बंद केली, हत्यारं तेल लावून भिंतीवर टांगली, अर्वेलाच्या कोंबड्या पलीकडच्या घरी पोचवल्या. हातातलं काम अर्धवट टाकणं त्याला कधी जमलंच नाही. वकील करायला मात्र त्यानं साफ नकार दिला. सरळ माणसाला वकील कशाला?

कोर्टात तो काळा कोट घालून, छान दाढी करून गेला. ट्रेंट आला होता, ड्यूई आला होता, निम्मं चर्च आलं होतं. न्यायाधीशबाईंनी बोलायला सांगताच तो ताठ उभा राहिला.

"बाई, हे गाव मला जन्मापासून ओळखतं. व्हर्लिनपासून माझ्या जिवाला धोका आहे, असं इथल्या एकानं जरी उठून सांगितलं, तरी बंदुका तुमच्या. नाहीतर आज मी त्या घरी नेतो."

त्यानं वळून एकेका बाकाकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. ड्यूईनं तर मान हलवून शाबासकी दिली. व्हर्लिन विजयानं पुन्हा पुढे वळला.

न्यायाधीशबाईंनी केंड्राला विचारलं, "तुम्हाला ही माहिती कुणी दिली?"

केंड्रा उठली.

"अर्वेलाबाईंनी. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. म्हणाल्या, मला मातीत ठेवलं की त्याच दिवशी जा, उशीर करू नकोस. तो तुझ्याशी थट्टा करेल, भांडेल, एकदम ठणठणीत दिसेल. फसू नकोस. त्याला माझ्यामागून यायची घाई आहे."

व्हर्लिननं समोरचा लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"मी तर तिला यातलं एका शब्दानंही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "राहू द्या बंदुका तुमच्याकडेच."