लाल दिसल्यापासून लाल संपेपर्यंत

"रक्त नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी फिल्म उत्तम आहे. पण एवढ्या लहान मुलांना हे दाखवायचं म्हणजे कठीण आहे."

शिक्षकांच्या खोलीत पालक समिती बसली होती. समुद्र वाचवायला सांगणारा माहितीपट चौथीच्या मुलांना दाखवावा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. पडद्यावर चित्र थांबवून ठेवलं होतं, आणि त्या चित्रातला मच्छीमार कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसला होता. रक्तही त्याचंच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जाळ्यात कासव अडकलं, तेव्हा फिल्मवाले तिथेच पाण्यात कॅमेरा घेऊन होते. त्याने चाकू काढला, जाळं कापलं, कासव सुटलं. त्या झटापटीत डाव्या हाताच्या बोटाचं एक पेर गेलं, आणि कासव सुटून जाईपर्यंत पाणी लाल राहिलं.

त्याची मुलगी चौथीतच होती. तिच्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणून बाकावरची शेजारीण नाक धरायची. माझ्या बाबांनी कासव वाचवलं, असं तिने एकदा वर्गात सांगितलं, तर सगळ्यांनी तिला थापाडी ठरवलं. आता पडद्यावर सगळं दिसणार होतं. तो दिवस कधी उजाडतो, असं बापाला झालं होतं.

समितीची मतं तीनास तीन पडली. मुख्याध्यापिका त्याच्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. शेवटी रक्त तुमचं आहे."

सगळे हसले, तोही हसला. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी आजवर त्याला मासळी ताजी आहे का, याखेरीज काही विचारलं नव्हतं. तो हरभऱ्याच्या झाडावर चढला. काढून टाका, पोरं उगाच घाबरतील, असं म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. चहा आला. ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या आणि त्यानेही आपली सही जपून, वळणदार केली.

कॉम्प्युटरच्या सरांना कागद मिळाला. कागदावर लिहिलं होतं, लाल दिसल्यापासून लाल संपेपर्यंत. सर शिस्तीचे. त्यांनी सेकंद मोजून तेवढी दोन मिनिटं कापली.

शुक्रवारी सभागृहाचे पडदे ओढले. मच्छीमार इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला. पडद्यावर त्याची बोट आली तशी मुलगी उठून उभी राहिली आणि मागे वळून तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. शंभर डोकी वळली. त्याला कुठे बघावं कळेना, इतका त्याला आनंद झाला.

पडद्यावर कासव जाळ्यात तडफडत होतं. त्याने चाकू उगारला. चाकू खाली आला.

आणि एकदम किनारा दिसला. वाळूवर ओळीने एकोणीस मेलेली कासवं पडली होती. ती दूरवरच्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत मेलेली होती, पण ते पडद्यावर कोणी सांगितलं नाही. त्यांच्यावर समितीने हरकतही घेतली नव्हती. त्यांना रक्त नव्हतं.

मुलगी हळूच खाली बसली. शेजारच्या मुलीने आपली खुर्ची सरकवून घेतली, आणि खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापिका खुशीत होत्या. एकही मूल घाबरलं नाही, म्हणाल्या. तेवढी दोन मिनिटं मुलांना परत दाखवा, म्हणून त्याने हात जोडले. त्यांनी ठराव काढला आणि त्याची वळणदार सही त्यालाच दाखवली.

घरी जाताना त्याने मुलीला सगळं समजावलं. तुटकं बोट दाखवलं. ती खाली बघून चालत राहिली.

"मग ते फिल्ममध्ये का नव्हतं?"

"मीच काढायला सांगितलं."

"चांगलं होतं, तर काढायला कशाला सांगितलंत?"

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो घरात आला की उठून जायची. तिच्या आईने रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. आठ दिवस तो बोटीवर एकटाच जात होता आणि एकटाच परत येत होता, पण एकटं वाटायचं ते घरी आल्यावर.

नवव्या दिवशी जाळं जड लागलं. त्याने वाकून पाहिलं. कासव होतं. मान आणि पुढचा पाय दोरांत गच्च गुंतलेला, आणि डोकं पाण्यावर काढायला ते धडपडत होतं. त्याला बरं वाटलं. आज पोरीला घरी जाऊन सांगू, असं मनाशी म्हणत त्याने कमरेच्या पट्ट्याकडे हात नेला. चाकूची कातडी पिशवी रिकामी होती.

त्याने चाकूसाठी सगळी बोट धुंडाळली. दोर दातांनी तोडायला बघितला, ओठ फाटले. वर ओढावं तर वजन दोन माणसांचं. कासव बराच वेळ धडपडलं. मग थांबलं. तो तरीही गाठी सोडवत राहिला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मुलगी दारातच उभी होती. आज ती निघून गेली नाही. जवळ आली, त्याचा तुटक्या बोटाचा हात तिने दोन्ही हातांत धरला, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा हसली.

"बाबा, आज एकही कासव मेलं नाही ना? तुमचा चाकू मी विहिरीत टाकला."