हरिबाचं सुंबरान

टेकडीच्या वळणावर हरिबा थांबला, तशी मागून बांबू बांधलेली खुर्ची घेऊन येणारी पोरं लगेच पुढं धावली. हरिबानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काठीवर दोन्ही हात टेकून तो जरासा वाकला, नाकानं श्वास घेतला आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडला. पाचगणीच्या दवाखान्यात महिनाभर राहून तो हेच शिकून आला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला डोंगराच्या हवेत रोज चढावर चालवलं होतं आणि छाती भरून येण्याआधीच थांबायला लावलं होतं. जन्मभर चिलमीनं खाल्लेली फुप्फुसं काही परत मिळणार नव्हती. उरली होती ती कशी वापरायची, एवढंच शिकायचं होतं.

"आबा, बसा आता खुर्चीत," पुतण्या संपत म्हणाला. "बिरोबा काय रागवायचा न्हाई."

बिरोबा नसता रागावला, पण गाव होतं ना. देवळापुढं सुंबरान मांडायचं, म्हणजे देवाला आळवून ओव्यांना सुरुवात करायची, तर टेकडी आपल्या पायांनी चढून यायचं, हा रिवाज. गेली दोन वर्षं हरिबा खाटेवर होता आणि सुंबरान संपतनं मांडलं होतं. आज खुर्चीतून वर गेलं की तो मान कायमचा गेला, हे हरिबाला पक्कं ठाऊक होतं. संपत वाईट नव्हता. काकासाठी रांजणगावच्या कंपनीत रजा टाकून आला होता. पण त्याच्या काळजीला जरा घाईच होती.

हरिबाच्या बायकोनं, म्हाळसानं, नवऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पोरांना सांगितलं, दमला असाल तर तुम्हीच बसा त्या खुर्चीत.

थांबत, चालत, पुन्हा थांबत हरिबा वर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि ढोलवाले कंटाळून सावलीला बसले होते. सगळे त्याच्या छातीकडं बघत होते. त्या नजरांचा त्याला भयंकर राग आला. रागानं धाप लागते, म्हणून तोही त्यानं सावकाश सोडला.

भंडारा उधळला. ढोल घुमला. हरिबानं कानावर हात ठेवून सूर लावला. आवाज पूर्वीसारखा टेकडीखाली जात नव्हता, पण त्याचाच होता. म्हाळसाचे डोळे भरून आले.

ओळीच्या मध्यावर तो थांबला. पूर्वी तो अख्खी ओळ एका दमात म्हणायचा, मग मागचे ती उचलायचे. आता मागचे गप्प झाले, ढोल अडखळला. संपत झटकन पुढं आला आणि उरलेली ओळ म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

हरिबानं काठी आडवी धरली. सगळ्यांना ताटकळत ठेवून श्वास पुरता सोडला.

"थांबलोय," तो म्हणाला. "सरलो न्हाई. हितनं म्होरं माझी ओळ अशीच तुटंल. तुटली की तुमी मागनं धरायची."

संपत मागं सरला. मग हरिबानं उरलेली ओळ पुरी केली, पुढची सुरू केली आणि पुन्हा मध्येच थांबला. तुटलेली ओळ धरणारा पहिला आवाज मागच्या रांगेतून आला, आणि तो संपतचा होता.